सोडचिठ्ठीचा कागद

(बी. ए. द्वितीय वर्ष)

आमच्या घरात शाळेची पायरी नीट चढलेले माणूस म्हणजे मी. वडिलांना सही येते, आईचा अंगठा. त्यामुळे रेशनचा अर्ज असो, सोसायटीची नोटीस असो की बँकेतून आलेले पत्र असो, ते वाचायला माझ्याकडेच येते. तीन वर्षांपूर्वी असाच एक कागद माझ्या हाती आला. मी तेव्हा नुकतीच दहावी पास झाले होते.

दिवाळी तोंडावर आली होती. ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्याकडे निघण्याच्या बेतात होत्या. आमच्या ओसरीवर बैठक बसली होती. एका बाजूला आमची भावकी, दुसऱ्या बाजूला आक्काच्या सासरची माणसे आणि मध्ये पंच. आक्का म्हणजे माझी चुलतबहीण. ती उंबऱ्याच्या आत भिंतीला टेकून बसली होती. तिचा दोन वर्षांचा मुलगा तिच्या सासूच्या मांडीवर झोपला होता. शंभर रुपयांच्या स्टँपपेपरवर टाईप करून आणलेला मजकूर पंचांनी माझ्या हातात दिला नि म्हणाले, "वाच गं पोरी, मोठ्यानं."

मी वाचला. त्यात मुख्य कलमे तीन होती. पहिले असे, की आम्ही परस्पर संमतीने विभक्त झालो असून आमचा घटस्फोट झाला आहे, दोघेही दुसरे लग्न करण्यास मोकळे आहेत. दुसरे असे, की मुकादमाकडून घेतलेली उचल नवऱ्याने फेडावी आणि त्या बदल्यात बायकोने यापुढे पोटगी मागू नये. तिसरे असे, की मुलगा वडिलांकडे राहील, त्याच्यावर आईचा कोणताही हक्क राहणार नाही.

माझे वाचून झाले तेव्हा पाहुण्यांपैकी एकजण म्हणाले, "पोरगी लई झ्याक वाचती." मला अभिमान वाटला. आक्काने सही केली. साक्षीदार म्हणून माझ्या वडिलांनी सही केली. चहा झाला आणि पाहुणे मुलाला घेऊन गेले.

यंदा राज्यशास्त्राच्या तासाला हिंदू कोड बिलाचा विषय निघाला. शिकवता शिकवता सर म्हणाले, "आपल्या भागात अजून लोक स्टँपपेपरवर सोडचिठ्ठी लिहून घेतात. तो घटस्फोट नव्हे." त्या वाक्याला मला आमची ओसरी आठवली. मी तो कागद वाचला होता, पण मला तो समजला नव्हता. समजला असता तर आक्काच्या हातात पेन देण्याआधी निदान थांबा तरी म्हणाले असते. म्हणून गेले काही महिने मी ग्रंथालयातील पुस्तके चाळली, प्राध्यापकांना विचारले, न्यायालयात जाऊन माहिती घेतली. त्या कागदावरील तीन कलमांपुढे कायदा काय म्हणतो, ते प्रस्तुत लेखात माझ्या कुवतीप्रमाणे मांडते. मी वकील नाही. परंतु आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी आपणच पहिले वाचणारे आहोत, आणि असा कागद उद्या तुमच्याही हाती येऊ शकतो.

पहिले कलम : 'आमचा घटस्फोट झाला आहे'

काडीमोड ही आपल्याकडील जुनी रीत आहे. पंचांपुढे काडी मोडली की लग्न मोडले. अनेक जातींत ही रूढी होती. उच्च म्हणविणाऱ्या जातींत मात्र नवऱ्याने टाकले तरी स्त्रीला सुटका नव्हती. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९१९ साली काडीमोडीचा कायदा केला. बडोदे संस्थानात १९३१ साली तसा कायदा झाला. मुंबई इलाख्यात १९४७ साली हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा आला. आपले गेवराई तेव्हा निजामाच्या राज्यात होते आणि शेजारचे शेवगाव-पाथर्डी मुंबई इलाख्यात. दोन्हीकडे सोयरिकी होत होत्या, पण मुंबईचा तो कायदा हद्दीच्या अलीकडे लागू नव्हता. इथल्या बाईला जातीची रूढी आणि पंच एवढाच आधार. पंचांच्या शब्दाला आपल्याकडे आजही एवढे वजन का, याचे एक कारण मला यात दिसते.

१९४८ साली हैदराबाद संस्थान मुक्त झाले. हिंदू कोड बिल संसदेत अडून पडले म्हणून, इतर कारणांबरोबरच, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे त्या बिलाचे तुकडे होऊन वेगवेगळे कायदे झाले. त्यांतील हिंदू विवाह कायदा १८ मे १९५५ पासून अमलात आला. तो हिंदूंप्रमाणेच बौद्ध, जैन व शीख यांनाही लागू आहे. तेव्हापासून घटस्फोट देण्याचा अधिकार न्यायालयाचा आहे. क्रूर वागणूक, निदान दोन वर्षे सोडून जाणे, व्यभिचार, धर्मांतर, गंभीर मनोविकार अशी कारणे कलम १३ मध्ये दिली आहेत. १९७६ च्या दुरुस्तीने कलम १३-ब आले आणि परस्पर संमतीने घटस्फोटाची वाट उघडली. त्यासाठी दोघांनी निदान एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागते. दोघे मिळून अर्ज करतात, सहा महिन्यांनंतर पुन्हा न्यायालयापुढे उभे राहून आपला विचार कायम असल्याचे सांगतात, आणि मग हुकूमनामा होतो. समेटाची आशाच उरली नसेल आणि पोटगी-मुलांचा प्रश्न मिटला असेल, तर हा सहा महिन्यांचा काळ न्यायालय माफ करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर या खटल्यात सांगितले.

मग काडीमोड पार रद्द झाली काय? तसेही नाही. याच कायद्याच्या कलम २९ ने रूढीनुसार होणारा घटस्फोट राखून ठेवला आहे. परंतु इथेच गफलत होते. आपल्या जातीत अशी रूढी फार जुनी, निश्चित आणि अखंड चालत आलेली आहे, हे जो म्हणतो त्याने न्यायालयात सिद्ध करावे लागते. यमनाजी जाधव विरुद्ध निर्मला या २००२ च्या खटल्यात अशाच एका सोडचिठ्ठीच्या दस्ताचा प्रश्न होता. रूढीचा आधार घ्यायचा तर ती रूढी स्पष्टपणे मांडून पुराव्याने शाबित केली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. स्टँपपेपर, नोटरीचा शिक्का आणि पाच साक्षीदार यांनी रूढी सिद्ध होत नाही. आमच्या कागदात तर रूढीचा उल्लेखदेखील नाही. सारांश, आक्का कायद्याच्या नजरेत आजही विवाहित आहे.

यातून पुढची अनर्थ-परंपरा सुरू होते. पहिले लग्न कायम असताना केलेले दुसरे लग्न रद्दबातल ठरते आणि तो गुन्हाही आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ नुसार त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. कागदाच्या भरवशावर ज्या दुसऱ्या मुलीशी लग्न लावून दिले जाते, तीही फसते. यमुनाबाई आढाव विरुद्ध अनंतराव आढाव या महाराष्ट्रातील खटल्यात १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा दुसऱ्या बायकोला पोटगी नाकारली, कारण कायद्याने ती 'पत्नी' नव्हती. पंचवीस वर्षांनी, २०१३ साली, बादशाह विरुद्ध ऊर्मिला गोडसे या महाराष्ट्रातीलच खटल्यात त्याच न्यायालयाने निराळी दृष्टी घेतली. पहिले लग्न लपवून ज्याने दुसरे केले, त्याला स्वतःच्याच लबाडीचा फायदा घेऊन पोटगी चुकवता येणार नाही, असे ठरले. अशा स्त्रीबद्दल मुंबई उच्च न्यायालयाच्या २००४ च्या एका निकालपत्रात हीन शब्द वापरला गेला होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये सुखदेव सिंग विरुद्ध सुखबीर कौर या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्या शब्दाचा निषेध केला आणि रद्द ठरलेल्या विवाहातही कायम पोटगी देता येते असे सांगितले. कायदा हळूहळू का होईना, टाकलेल्या बाईच्या बाजूला सरकतो आहे.

हा प्रश्न एकट्या हिंदूंचा नाही. आपल्या मराठवाड्यातील दगडू पठाण विरुद्ध रहीमबी या खटल्यात नवऱ्याने 'मी तलाक दिला आहे' असे न्यायालयात नुसते लिहून दिले होते. २००२ साली औरंगाबाद खंडपीठातील पूर्णपीठाने सांगितले, की नुसते म्हणणे पुरेसे नाही; तलाकला सबळ कारण होते आणि आधी समेटाचा प्रयत्न झाला होता, हे सिद्ध केले पाहिजे. म्हणजे धर्म कोणताही असो, 'मी लिहून दिले, संपले' हे न्यायालयाला मान्य नाही.

दुसरे कलम : 'पोटगी मागणार नाही'

पोटगी या शब्दातच पोट आहे. ती मेहेरबानी नाही, दंडही नाही. ज्याच्यावर सांभाळण्याची जबाबदारी आहे त्याने ती टाळू नये, एवढाच तिचा अर्थ. फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५ अनेकांच्या तोंडी असते. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ ने घेतली आहे. स्वतःचा चरितार्थ चालवू न शकणारी पत्नी, अज्ञान मुले आणि आईवडील यांना या कलमाखाली पोटगी मागता येते. घटस्फोट झालेली व पुन्हा लग्न न केलेली स्त्रीही यात 'पत्नी'च समजली जाते. पूर्वी जास्तीत जास्त पाचशे रुपये महिना अशी मर्यादा केंद्राच्या कायद्यात होती. ती २००१ साली काढून टाकली. हे कलम सर्व धर्मांच्या स्त्रियांना आहे. शाहबानोच्या १९८५ च्या निकालापासून सुरू झालेला वाद पुष्कळांना ठाऊक असेल. १० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मोहम्मद अब्दुल समद यांच्या खटल्यात मुस्लिम घटस्फोटितेचा हा हक्क पुन्हा स्पष्ट केला.

अर्ज कुठे करायचा? बाई ज्या ठिकाणी राहते तिथेच. त्यासाठी नवऱ्याच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. आपल्या तालुक्याच्या न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे अर्ज चालतो. निकाल लागेपर्यंत अंतरिम पोटगी मागता येते आणि त्या अर्जाचा निर्णय नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत व्हावा असे कायदा म्हणतो. हुकूम होऊनही नवरा देत नसेल, तर वसुलीचे वॉरंट निघते आणि तरीही थकवली तर दर महिन्याच्या थकबाकीबद्दल एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. मात्र वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत केला पाहिजे. हे एक वर्ष लक्षात ठेवण्यासारखे आहे.

रक्कम किती, याचे ठरीव कोष्टक नाही. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून सुरू झालेल्या रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी देशभरासाठी नियम घालून दिले. दोघांनीही आपले उत्पन्न, मालमत्ता आणि कर्ज यांचे प्रतिज्ञापत्र द्यायचे. आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळायची, निकालाच्या तारखेपासून नव्हे. या खटल्यातील पत्नीने २०१३ साली अर्ज केला होता. तिला महिना पंधरा हजार व मुलाला दहा हजार ही रक्कम कायम व्हायला २०२० उजाडले. तथापि अर्ज वेळेवर केलेला असल्यामुळे मधली वर्षे बुडाली नाहीत. उलट आमच्या आक्काची तीन वर्षे गेली, कारण कागदावर विश्वास ठेवून आम्ही अर्जच केला नाही.

'मला काम नाही, मी कुठून देऊ?' असे नवरे म्हणतात. धडधाकट माणसाने अंगमेहनत करून का होईना बायकोमुलांना पोसले पाहिजे, असे अंजू गर्ग यांच्या खटल्यात २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने बजावले आहे. दुसरा एक डाव म्हणजे 'नांदायला ये' अशी नोटीस पाठवायची. १८८७ साली मुंबईच्या न्यायालयाने रखमाबाईंना नांदायला जा, नाही तर सहा महिने कैद भोगा, असे सांगितले होते. त्या कैदेला तयार झाल्या, अखेर तडजोड झाली आणि पुढे त्या डॉक्टर झाल्या. आज कोणा स्त्रीला त्यासाठी तुरुंगात घालीत नाहीत, पण नांदायला बोलावण्याचे कलम ९ हिंदू विवाह कायद्यात आहे. तसा हुकूम झाला आणि सबळ कारणामुळे बाई गेली नाही, तरी तेवढ्यामुळे तिची पोटगी बुडत नाही, हे जानेवारी २०२५ मध्ये रीना कुमारी यांच्या खटल्यात स्पष्ट झाले.

आता आमच्या कागदातील खरी मेख सांगते. पोटगी ज्या कारणांनी नाकारता येते त्यांत एक कारण असे, की दोघे परस्पर संमतीने वेगळे राहत आहेत. न्यायालयातून संमतीने घटस्फोट घेतलेल्या स्त्रीला हे कारण लागू होत नाही, कारण ती आता घटस्फोटिता आहे, असे वनमाला विरुद्ध रंगनाथ भट्ट या निकालात १९९५ सालीच ठरले आहे. पण स्टँपपेपरवाली बाई घटस्फोटिता नसते. ती विवाहितच राहते, आणि वर 'आम्ही परस्पर संमतीने विभक्त झालो' असे स्वतःच्या सहीने लिहून देते. म्हणजे दुसरे लग्न करावे तर ती पत्नी आहे, आणि पोटगी मागावी तर 'तू संमतीने वेगळी झालीस' असे उत्तर तयार! एका कागदाने दोन्ही दारे लागतात. मी मोठ्याने वाचलेले पहिलेच वाक्य हे होते.

यावर उपाय नाही असे मात्र नाही. संमती खरी होती की भावकीने घेतलेली, हे न्यायालय तपासू शकते. पोटगीचा हक्क सोडल्याचे लिहून दिले, तरी कायद्याने दिलेला हा हक्क अशा कराराने संपत नाही, असे न्यायालयांनी वेळोवेळी म्हटले आहे. आणि मुलाची पोटगी हा तर मुलाचा हक्क आहे. तो आईला सोडून देताच येत नाही.

तिसरे कलम : 'मुलगा वडिलांकडे राहील'

मूल म्हणजे वाटणीतील भांडे नव्हे. पण बैठकीत उचलीचा हिशेब आणि मुलाचा ताबा एकाच दमात मिटवला गेला. कायद्याची भूमिका याच्या अगदी उलट आहे. आईचा हक्क की बापाचा, हा प्रश्न तिथे दुय्यम. मुलाचे हित कशात आहे, हा पहिला. पालक व पाल्य कायदा १८९० सालचा आहे. त्यानंतर १९५६ साली हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा झाला. त्याच्या कलम ६ मध्ये वडील व त्यांच्यानंतर आई हे नैसर्गिक पालक सांगितले आहेत. पण पाच वर्षे पूर्ण न झालेल्या मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा, असेही तेथेच म्हटले आहे. 'वडिलांच्या नंतर' म्हणजे वडील मेल्यानंतरच काय? हा प्रश्न गीता हरिहरन यांनी विचारला. मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेचे रोखे घेताना पालक म्हणून त्यांची सही चालेना. १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की वडील हयात असले तरी ते मुलाकडे पाहत नसतील, तर आई नैसर्गिक पालक म्हणून काम करू शकते.

ताब्याचा हुकूम कायमचा दगडावर कोरलेला नसतो. परिस्थिती बदलली तर तो बदलता येतो. ज्याच्याकडे मूल नाही त्याला भेटण्याचा हक्क मागता येतो. समजत्या वयाच्या मुलाला न्यायाधीश स्वतः विचारू शकतात. आई गरीब आहे एवढ्याने मूल तिच्याकडून काढून घ्यावे असे होत नाही. मूल आईकडे राहिले तरी त्याच्या खर्चाची जबाबदारी बापाची असतेच. अर्ज मात्र मूल जिथे नेहमी राहते तेथील जिल्हा न्यायालयात करावा लागतो. घरात मारहाण, छळ झाला असेल तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखाली तालुक्याच्या न्यायालयातच राहण्याची सोय, खर्च आणि मुलाचा तात्पुरता ताबा एकाच अर्जात मागता येतो. संरक्षण अधिकारी त्यात मदत करतात.

'आईचा कोणताही हक्क राहणार नाही' या ओळीला न्यायालय बांधलेले नाही. बैठकीच्या दिवशी आक्काचा मुलगा दोन वर्षांचा होता. त्याच आठवड्यात अर्ज केला असता तर कायद्याचे पारडे तिच्या बाजूला होते. आज त्याला पाच पूर्ण झाली आहेत. तो तीन वर्षे आजीकडे राहिला आहे, तिथल्या अंगणवाडीत गेला आहे. न्यायालय आता त्याचाही विचार करणार, आणि तो करणे योग्यच आहे. आमच्या अज्ञानाची खरी किंमत मला इथे कळली.

मग बैठक बसवायचीच नाही काय?

लेख लिहिताना हा प्रश्न मी वडिलांना विचारला. ते म्हणाले, "कोर्टात तारखा पडतात. एका तारखेला एक दिवसाची मजुरी जाते. बैठकीत एका रात्रीत निकाल लागतो." त्यांचे म्हणणे खोटे नाही. आपल्या तालुक्यातील कितीतरी घरे सहा महिने उसाच्या फडात असतात. टोळीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. उचल त्या जोडीवर मिळते, पण ती नवऱ्याच्या हाती पडते. बाई पहाटेपासून मोळ्या बांधते आणि मजुरीच्या हिशेबात तिचे वेगळे नावही नसते. अशा बाईने नवऱ्याच्या आणि स्वतःच्या कमाईचा पुरावा कुठून आणायचा? कारखान्यावर कोपीत राहताना गेवराईची तारीख कशी गाठायची? आक्का आता भावाबरोबर 'अर्धा कोयता' म्हणून जाते. या अडचणी पुस्तकात लिहिलेल्या नसतात.

तरी मला वाटते, दोष बैठकीचा नाही. बैठकीलाच शेवटचा निकाल समजण्याचा आहे. बैठकीत दोन घरांत समेट होत असेल तर तो जरूर करावा. पटणारच नसेल तर पोटगी किती, मूल कोणाकडे, भेटायचे केव्हा, दागिने-भांडी कोणाची, हेही बसून ठरवावे. पण ठरलेले कलम १३-ब च्या अर्जात घालून न्यायालयात न्यावे. अर्ज बायकोने केला तर ती राहते त्या ठिकाणीही तो करता येतो. २००३ च्या दुरुस्तीने ही सोय झाली. न्यायाधीश बाईला समोर उभी करून विचारतात, 'तुला हे मान्य आहे काय?' आमच्या ओसरीवर हा एक प्रश्न कोणीही विचारला नव्हता. मीही नाही.

वकिलाला पैसे कुठून आणायचे, ही शंका येईल. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने प्रत्येक स्त्रीला व प्रत्येक मुलाला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क दिला आहे. त्यासाठी तालुका न्यायालयात तालुका विधी सेवा समिती आणि जिल्ह्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असते. साध्या कागदावर अर्ज द्यावा लागतो. न्यायालयाच्या पायऱ्या चढायची भीती वाटते खरी. मलाही वाटली होती. आत गेल्यावर तिथेही आपल्यासारखीच माणसे बाकावर बसलेली दिसली, आणि त्यांत बायका पुष्कळ होत्या.

महाराष्ट्रात या बायकांचा प्रश्न प्रथम मोठ्याने मांडला तो चळवळींनी. संगमनेरच्या ॲड. निशा शिवूरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकापासून परित्यक्तांना संघटित केले. 'लढा टाकलेल्या स्त्रियांचा' हे त्यांचे पुस्तक आहे. नवऱ्याने सोडलेल्या बाईला आपण 'टाकलेली' म्हणतो, जणू ती एखादी वस्तू आहे. बायको सोडणाऱ्या पुरुषाला मात्र आपल्या बोलीत असा एकही शब्द नाही. भाषेच्या विद्यार्थ्यांनी यावरही विचार करावा.

आता आक्काचे काय झाले ते सांगून लेख पुरा करते. या वर्षी तिने विधी सेवा समितीकडून वकील घेतला आणि स्वतःसाठी व मुलासाठी पोटगीचा अर्ज दाखल केला. समोरून अपेक्षेप्रमाणे तोच कागद हजर झाला. मुलाच्या ताब्याच्या अर्जाची कागदपत्रे आम्ही जमवीत आहोत. निकाल काय लागेल ते मला सांगता येणार नाही. मात्र एक गोष्ट घडली. कागदावर साक्षीदार म्हणून सही असलेले माझे वडील एका रात्री जेवताना म्हणाले, "सही माझी आहे. आक्काला कुणी इचारलं नव्हतं, हे मीच जाऊन सांगतो." भावकीत यावरून बोलणी झाली. ते आपल्या शब्दावर आहेत.

मित्रमैत्रिणींनो, आपण कॉलेजात आलो म्हणून घरचे लोक आपल्याकडे कागद घेऊन येतात. 'वाच' म्हणतात. यापुढे कोणी असा कागद हाती दिला, तर तो मोठ्याने वाचण्याआधी एकदा मनात वाचा, आणि ज्याची सही व्हायची आहे त्याच्याजवळ जाऊन बसा. मी त्या रात्री उंबऱ्याच्या बाहेर उभी होते. आक्का आत होती. मध्ये अंतर दोन पावलांचे होते.